‘आयएसओ ६४००, २.५ सेकंद’: या ओळीत काय नाही?

तेजोमेघांच्या हौशी फोटोंखाली हमखास एक ओळ असते: ‘२०० मिमी, एफ २.८, आयएसओ ६४००, २.५ सेकंद’. नवशिके ती पाककृतीसारखी उतरवून घेतात. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर आहात, तर ती शोधनिबंधातल्या ‘पद्धती’ विभागासारखी वाचा. तशी वाचली की फारच तोकडी निघते.

आधी ते २.५ सेकंद. हे आले ‘५०० च्या नियमा’तून: ५०० भागिले फोकल लेंग्थ. आता हिशोब करून बघू. पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा धरला, तर २०० मिमीला एका पिक्सेलवर साधारण ४.४ विकला आकाश मावतं. वैषुविक वृत्ताजवळ तारे सेकंदाला १५ विकला सरकतात, आणि सगळ्यांचा लाडका मृगातला तेजोमेघ (एम ४२) तिथून जेमतेम ५ अंश दक्षिणेला. म्हणजे २.५ सेकंदांत तारा साडेआठ पिक्सेल घसरला! मोबाइलवर छान दिसेल, मोठा केला की रेघोट्या. गंमत म्हणजे, या कॅमेऱ्यावर कुठलीही लेन्स लावा, उत्तर तेच साडेआठ. कारण नियमात पिक्सेलचा आकार नाहीच. ताऱ्याची जागाही नाही. ध्रुवताऱ्याजवळ हाच नियम उगाच कडक ठरतो.

आयएसओचं याहून वाईट. ‘आयएसओ वाढवा, जास्त प्रकाश येईल’ असं सर्रास लिहिलं जातं. येत नाही हो. प्रकाश येतो तो भिंगाच्या छिद्रातून आणि दिलेल्या वेळातून. आयएसओ फक्त जमलेला सिग्नल वाढवून दाखवतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने रीड नॉइज थोडा कमी होतो, हा फायदा खरा. पण तेजस्वी भाग लवकर काठोकाठ भरतात. एम ४२ च्या पोटातल्या ट्रॅपेझियमच्या चार ताऱ्यांचा पांढरा गोळा झाला, की तिथली माहिती कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

आणि मुख्य गोष्ट त्या ओळीत नसतेच: फ्रेम किती रचल्या? सिग्नल-नॉइज गुणोत्तर फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाने वाढतं. १०० फ्रेमना १० पट. २० पट हवं तर ४००. त्यामुळे एकाच सेटिंगच्या दोन फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. डार्क आणि फ्लॅट घेतले का, चंद्र होता का, तारे नंतर सॉफ्टवेअरने गोल केले का, सगळं गुलदस्त्यात. असा फोटो आवडलाच, तर काढणाऱ्याकडे एक न जोडलेली रॉ फ्रेम मागा आणि तिचा हिस्टोग्राम उघडून बघा.