ग्रांची घोडी

पुस्तकवेडी माणसं एकत्र बसली की बोलणं फिरत फिरत कादंबऱ्यांच्या पहिल्या वाक्यांवर येतं. कुणी जेन ऑस्टिनचं पैसेवाल्या अविवाहित पुरुषांविषयीचं तिरकस विधान म्हणून दाखवतं, कुणी टॉलस्टॉयची सुखी-दुःखी कुटुंबं काढतं. मार्केझचा कर्नल बंदुकांसमोर उभा राहिला की पुढचा बर्फ निम्म्या मैफलीला पाठ असतो. मराठी मंडळी असली तर ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर आपली ओळख करून देऊन जातोच. आणि मग कुणीतरी आल्बेर काम्यूच्या ‘द आउटसायडर’वर येतं. आई गेली, पण आज की काल, याचीही ज्याला खात्री नाही असा तो निवेदक. १९४२ साली आलेलं हे वाक्य वाचकांनी एकमेकांना इतक्यांदा ऐकवलं आहे की कादंबरी न वाचलेल्यांनाही ते ठाऊक असतं.

त्याच काम्यूची ‘प्लेग’ पाच वर्षांनी, १९४७ साली आली. तिच्यात त्यानं असा एक माणूस ठेवला आहे, ज्याला आपल्या कादंबरीचं पहिलं वाक्य काही केल्या जमत नाही. जोझेफ ग्रां हे त्याचं नाव. ग्रांचं वाक्य मैफलीत कुणी म्हणत नाही. म्हणावं असं ते नाहीच मुळी. तरी पहिलं वाक्य दुसऱ्याला ऐकवण्यात नेमकं काय घडतं, हे पाहायचं तर मी या कारकुनाकडेच जाईन. आपण एकमेकांना ऐकवतो ती वाक्यं निकाल लागलेली असतात. ऐकवणाऱ्याचं त्यात काही पणाला लागत नाही. ग्रां ऐकवतो ते त्याचं स्वतःचं आहे आणि अजून कच्चं आहे.

ओरान नगरपालिकेत तो २२ वर्षांपूर्वी हंगामी म्हणून लागला. लवकरच कायम करू, असं तोंडी आश्वासन मिळालं होतं. ते देणारा साहेब कधीच मरून गेला आणि ग्रां रोजच्या ६२ फ्रँक ३० सांतीमवर हंगामीच राहिला. अर्ज करावा, तर शब्द अडतो. ‘हक्क’ म्हणायची त्याला खात्री वाटत नाही, आणि ‘कृपा’, ‘विनंती’, ‘आभार’ यांनी मान खाली जाते. हेच घरात झालं. बायको, झान, दुरावत गेली तेव्हा तिला धरून ठेवील असं काहीतरी बोलायला हवं होतं, निघून गेल्यावर निदान पत्र तरी लिहायला हवं होतं. तेही सुचलं नाही. नोकरी आणि संसार, दोन्हीकडे या माणसाचं एकाच गोष्टीपायी अडलं.

त्याच्या वाक्यातले दोन शब्द आपल्याला फार आधी दिसतात आणि आपण ते ओलांडून पुढे जातो. शेजारच्या कोतारनं गळफास लावून घेतला म्हणून डॉक्टर रिए त्या इमारतीत येतात आणि ग्रांच्या खोलीत डोकावतात. एक साधी फळी, तिच्यावर दोन-तीन शब्दकोश आणि एक फळा. फळ्यावर अर्धवट पुसलेले दोनच शब्द उरलेत, फुलांनी बहरलेल्या वाटांबद्दलचे. काम्यू काहीही खुलासा करत नाही. पण त्याआधीच्या पानांवर ओरानचं वर्णन येऊन गेलेलं असतं: कबुतरं नसलेलं, झाडं नसलेलं, बागा नसलेलं, समुद्राकडे पाठ करून बसलेलं रुक्ष व्यापारी शहर. अशा गावात हंगामी कारकुनाच्या फळ्यावर फुललेल्या वाटा आल्या कुठून? दुसऱ्या वाचनात या जागी थांबायला होतं.

पुढे प्लेग जाहीर होतो, शहराच्या वेशी बंद होतात, आणि एका संध्याकाळी ग्रां डॉक्टरांना घरी घेऊन येतो. टेबलावर खाडाखोड केलेल्या कागदांचा ढीग. तो आधी आपल्या अडचणी सांगतो. ‘पण’ आणि ‘आणि’ यांतून निवडणं एक वेळ सोपं. ‘आणि’ आणि ‘मग’ यांत जरा अवघड. सगळ्यात जीवघेणा प्रश्न म्हणजे ‘आणि’ घालावं की मुळातच घालू नये. लिहिणाऱ्या कुणालाही यावर पूर्ण हसता येणार नाही. मग तो वाक्य वाचतो. मे महिन्यातली छान सकाळ, एक डौलदार घोडेस्वार तरुणी, तिची देखणी ‘अलेझान’ घोडी, आणि पॅरिसच्या बुआ द बुलोन्य या वनातल्या त्या फुललेल्या वाटा. ऐवज एवढाच. प्रत्येक नामाला विशेषण चिकटलेलं. एखाद्या संपादकाकडे हे आलं असतं तर दुसरं वाक्य वाचलं गेलं नसतं.

ग्रांचं स्वप्न मात्र संपादकाचंच आहे. हस्तलिखित वाचून तो खुर्चीतून उठेल आणि सहकाऱ्यांना टोप्या उतरवायला सांगेल. यावर रिएंच्या मनात येतं, की प्रकाशकाच्या कचेरीत लोक बोडक्यानंच बसत असणार. पण कुणी सांगावं! आणि ते गप्प राहतात. अख्ख्या प्रसंगात हे गप्प राहणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. दिवसभर रोग्यांच्या गाठी फोडून आलेला हा माणूस, एका वाक्यानं जग उभं राहील असं मानणाऱ्यापुढे टोपीचा मुद्दा काढत नाही.

ऐकून झाल्यावर रिए म्हणतात, पुढे काय होतं याची उत्सुकता वाटते. आपणही हेच म्हटलं असतं. पहिल्या वाक्याची याहून मोठी स्तुती कोणती? ग्रां उलट वैतागतो. हे बघण्याची ही रीतच नव्हे, असं त्याचं म्हणणं. घोडीची दुडकी चाल जेव्हा वाक्याच्या चालीशी तंतोतंत जुळेल तेव्हाच ते खरं झालं. वाचक म्हणून आपल्याला पहिलं वाक्य पुढे घेऊन जाणारं हवं असतं आणि ग्रांला त्यातून पुढे कुठे जायचंच नाही, हा पेच काम्यूनं दोन ओळींच्या संवादात मांडलाय. आणि हे चाललेलं असताना खिडकीबाहेर शहराचा अस्पष्ट घोंगावता आवाज आहे, पळणारी पावलं आहेत. रिए खाली उतरतात तेव्हा दोन माणसं त्यांना ओलांडून वेशीच्या दिशेनं धावत जातात. ग्रांच्या वाक्यात मोकळ्या वाटेवर दौडणारी बाई आहे, आणि वाक्य जिथे वाचलं गेलं त्या गावातून कुणालाही बाहेर पडता येत नाही. काम्यू या दोन गोष्टी जोडून दाखवत नाही, शेजारी ठेवतो इतकंच.

पुढचा भाग निव्वळ गमतीचा, आणि कादंबरीत माझ्या सर्वांत आवडीचा. ग्रां आता आरोग्यपथकांचे आकडे सांभाळतो, संध्याकाळी सहा ते आठ. काम उरकलं की रिए आणि त्यांचा मित्र तारू त्याला घोडेस्वार बाईची खबर विचारतात. तो ओशाळं हसून सांगतो की ती दुडक्या चालीनं चालली आहे. एक दिवस ‘डौलदार’ जाऊन ‘सडपातळ’ येतं, कारण ते जास्त मूर्त आहे. महिन्याला ‘महिना’ म्हटल्यानं चाल लांबते, म्हणून नुसता ‘मे’ राहतो. घोडीला ‘लठ्ठ’ म्हणावं, तर मूर्त आहे पण अपमानकारक. ‘चकचकीत’ म्हणावं तर ताल बिघडतो. आणि मग एका संध्याकाळी विजयी मुद्रेनं: काळी अलेझान घोडी! काळ्या रंगातून आपोआपच ऐट सूचित होते. रिए सांगतात, हे शक्य नाही. अलेझान ही जात नव्हे, रंग आहे. कुठला रंग? निदान काळा तरी नव्हे! ग्रां खचतो आणि तुम्ही आहात म्हणून बरं, असं डॉक्टरांना म्हणतो. तेवढ्यात तारू दुसरं एक भारदस्त विशेषण सुचवतो आणि ग्रांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरतं.

फुलांचा घोळ याच्याही पुढचा. ग्रांनं आयुष्यात ओरान आणि मोंतेलिमार एवढीच गावं पाहिली आहेत, म्हणून पॅरिसच्या त्या वाटांवर फुलं कशी असतात हे तो मित्रांना विचारतो. खरं तर दोघांनाही तिथे कधी फुलं जाणवलेली नाहीत. पण ग्रांचा विश्वास इतका पक्का, की त्यांनाच आपल्या आठवणीची शंका येऊ लागते. कधीही न पाहिलेल्या जागेबद्दल एक माणूस ती पाहिलेल्या दोघांना डळमळीत करतो. ललित लेखनाची याहून नेमकी थट्टा मी वाचलेली नाही, आणि ती थट्टाच आहे असंही छातीठोक सांगता येत नाही.

या दिवसांत रिए आणि तारू त्या घोडीपाशी रमतात, हे निवेदक ओझरतं सांगतो. मुडदे मोजून झाल्यावर तिघं प्रौढ पुरुष एका विशेषणावर खल करत बसतात. वाक्य अजून ग्रांचं आहे, पण त्यात डॉक्टरांनी खोडलेला रंग आहे आणि तारूनं दिलेला शब्द आहे.

हा निवेदक म्हणजे रिएच, हे शेवटी उघड होतं. मग कादंबरीच्या स्वतःच्या पहिल्या वाक्याकडे परतावंसं वाटतं. वृत्तान्त, शहराचं नाव, शेवटचा आकडा गाळलेलं साल आणि घटनांना लावलेलं एखादंच मोघम विशेषण. सरकारी टिपणासारखं कोरडं. ग्रांच्या ओळीवर एवढे महिने डोकं खपवणाऱ्या रिएंनी स्वतः लिहायला घेतलं तेव्हा हे लिहिलं. काम्यूचीच जुनी, गाजलेली ‘द आउटसायडर’ही या कादंबरीत चोरपावलांनी येऊन जाते. तंबाखूच्या दुकानात अल्जिअर्सच्या किनाऱ्यावर एका अरबाला मारणाऱ्या तरुण कारकुनाची चर्चा निघते आणि ग्रां तिथे हजर असतो. ते मात्र दुकानातलं बोलणं म्हणूनच राहतं.

नाताळच्या दिवशी ग्रां खेळण्यांच्या दुकानासमोर रडताना सापडतो. अशाच एका नाताळात, अशाच काचेपुढे, झाननं आपण सुखी असल्याचं त्याला सांगितलं होतं. तो रस्त्यावरच कोसळतो. अंथरुणावरून तो हस्तलिखित मागवतो. पानं पन्नासेक, आणि सगळ्यांवर तेच वाक्य, कधी भर घातलेलं, कधी काटलेलं. शेवटच्या पानावर अजून ताज्या शाईत झानच्या नावे पत्राचा मायना, आज नाताळ असल्याचा उल्लेख, आणि त्याच्या वर वळणदार अक्षरांत पुन्हा तीच घोडी. इतकी पानं आपण ज्याला कादंबरी समजत होतो, ते न पाठवलेलं पत्र होतं. इथे काम्यू एकही शब्द वाढवत नाही. (ग्रांला कथेचा नायक म्हणावं असं निवेदक आधी एका ठिकाणी समजावून सांगतो, तो परिच्छेद मला नेहमीच जास्तीचा वाटतो, हे शेवटचं पान असताना त्याची गरज नव्हती.)

ग्रां कागद जाळायला लावतो. रिए जाळतात. रात्र सरणार नाही असं वाटत असताना सकाळी तो उठून बसलेला असतो, ताप उतरलेला. सगळं आठवतंय, पुन्हा सुरू करीन म्हणतो. ओरानमधला प्लेग ओसरू लागल्याची ही पहिल्या काही खुणांपैकी एक.

वेशी उघडल्यावर ग्रां डॉक्टरांना दोन बातम्या देतो. झानला पत्र लिहिलं. आणि वाक्य नव्यानं घेतलंय, त्यातली सगळी विशेषणं काढून टाकली आहेत. मग मिस्कील हसत तो स्वतःच आपली टोपी उतरवून अदबीनं सलाम करतो. नवं वाक्य मात्र काम्यू आपल्याला ऐकवत नाही. विशेषणं सगळी गेली म्हणजे वाटा फुललेल्या नाहीत, रिए आणि तारूला आठवत होत्या तशाच आहेत. अलेझानही गेलं. आता ती घोडी काळी असायला डॉक्टरांचीही हरकत नसावी.