मार्लवाईची शाळा : मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा एक प्रयोग आणि त्याचे पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक

काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींमुळे वाढलेले गाव आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर मंचेरियाल जिल्ह्यात गेले. खाणीतील कामाच्या निमित्ताने येथे तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहत आली. आसपासच्या डोंगरांत गोंड आणि कोलाम यांच्या वस्त्या आहेत. अशा परिसरात पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या मुलाची घरची भाषा आणि फळ्यावरची भाषा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

ही अडचण नवी नाही. याच जुन्या जिल्ह्यात, बेल्लमपल्लीच्या वायव्येकडील डोंगराळ भागात असलेल्या मार्लवाई या गोंड खेड्यात १९४३ साली या अडचणीला एक उत्तर शोधले गेले. मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे गोंडीत, पहिले धडे देणारी शाळा आणि त्यासाठी गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र तेथे सुरू झाले. या प्रयोगाचा परिचय अभ्यासकांना मुख्यतः ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांच्या लेखनातून होतो. त्या लेखनाच्या आधारे या प्रयोगाचे बळ कशात होते आणि तो कोठे अपुरा पडला, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

१९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन आणि जंगल यांवरील हक्कासाठी गोंडांनी केलेल्या या उठावाने निजाम सरकारला विचार करणे भाग पडले. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ त्या सुमारास हैदराबाद संस्थानात होते. महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्या हालचालींवर बंधने होती. परंतु संस्थानच्या हद्दीत राहून संशोधन करण्याची त्यांना मुभा मिळाली. महसूल खात्याची धुरा सांभाळणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्या पाठिंब्याने त्यांच्याकडे आदिवासी प्रश्नाचा अभ्यास सोपवण्यात आला. त्यातून ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) हा अहवालसंग्रह आणि ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (१९४८) हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे सुमारे तीन दशकांनी त्याच भागाला पुन्हा भेटी देऊन त्यांनी ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया : द स्ट्रगल फॉर सर्व्हायव्हल’ (१९८२) हा ग्रंथ लिहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मार्लवाईची शाळा ही स्वतंत्र शैक्षणिक कल्पना म्हणून जन्माला आली नाही. जमिनीचे पट्टे गोंडांच्या नावे करून देणे आणि सावकार व बाहेरून आलेले जमीनदार यांच्यापासून त्यांचे संरक्षण करणे, या कार्यक्रमाचा ती एक भाग होती. ज्याला पावती वाचता येत नाही, त्याची जमीन टिकत नाही, हे साधे व्यवहारज्ञान तिच्यामागे होते. म्हणूनच या केंद्रातून शिक्षकांबरोबर गावपातळीवरील लहानसहान सरकारी कामे करणारे गोंड तरुणही तयार झाले.

लिपीचा प्रश्न

गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. त्या नात्याने ती तेलुगूला जवळची. संस्थानची राजभाषा तर उर्दू होती. असे असूनही मार्लवाईची पहिली गोंडी पुस्तके देवनागरीत तयार झाली. याचे कारण तत्त्वाचे नव्हते, सोयीचे होते. ज्या थोड्या गोंड तरुणांना अक्षरओळख होती, ती मराठीची होती. त्यांनाच हाताशी धरून पहिले शिक्षक घडवायचे होते. मग त्यांना येत असलेली लिपी वापरणे हेच शहाणपणाचे ठरले.

या निर्णयाचे कौतुक करताना मराठी वाचकाने थोडे सावध राहावयास हवे. आदिलाबादच्या पश्चिम भागात मराठी ही गोंडांची दुसरी भाषा झाली होती. परंतु ती केवळ शेजारधर्माने झाली नव्हती. बाजार, सावकारी आणि जमिनीवर येऊन बसलेले वसाहतकार यांच्याबरोबरही ती आली होती. ज्या भाषेतून कर्जाचा कागद लिहिला गेला, त्याच भाषेच्या लिपीतून तो वाचण्याची विद्या मिळाली, ही या प्रयोगातील सर्वांत बोलकी बाब आहे. शिवाय जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जेथे गोंडांची दुसरी भाषा तेलुगू होती, तेथे देवनागरीची ही सोय तितकी उपयोगी नव्हती.

उल्लेखनीय गोष्ट अशी की, उर्दू ही राजभाषा असलेल्या राजवटीने या शाळांत पहिल्या पाठासाठी उर्दूचा आग्रह धरला नाही. भाषेच्या नावाने होणाऱ्या आजच्या वादात हा प्रसंग क्वचितच आठवला जातो. मराठीतील ख्यातनाम इतिहासकार सेतु माधवराव पगडी यांचे नावही या संदर्भात घेतले पाहिजे. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासी भागात काम केले, गोंडी भाषा आत्मसात केली आणि गोंडांवर लेखन केले. उर्दू काव्याचा रसिक, मराठीचा लेखक आणि गोंडीचा अभ्यासक एकाच व्यक्तीत सामावू शकतो, हे पगडींच्या उदाहरणाने दाखवून दिले.

प्रयोगाचे बळ आणि वर्णनातील उणीव

मार्लवाईच्या प्रयोगाचे श्रेय सर्वसाधारणपणे गोंडी पुस्तकांना दिले जाते. वस्तुतः त्याचे खरे बळ शिक्षकात होते. हा शिक्षक गावचा होता. मुलांच्या घरी कोणता देव पुजला जातो, पेरणीच्या दिवसांत मूल का येत नाही, दंडारीच्या काळात वर्ग रिकामा का राहतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. पुस्तक बदलता येते. पण मुलाचे बोलणे समजणारा शिक्षक नसेल, तर मातृभाषेतील पुस्तकही परकेच राहते.

मात्र हायमेंडॉर्फ यांच्या लेखनात या शाळेचे चित्र प्रामुख्याने प्रशासकाच्या नजरेने येते. योजना, नेमणुका, अडथळे आणि नंतरच्या काळातील साक्षरतेची स्थिती यांचा विचार तेथे आहे. वर्गात काय घडत होते, मूल काय विचारत होते, शिक्षक कोठे अडखळत होता, याविषयी वाचकाची उत्सुकता पुरी होत नाही. गोंडांच्या पुराणकथा आणि विधी यांचे अत्यंत बारकाईने वर्णन करणाऱ्या लेखकाकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

याला जोडून दुसरा मुद्दा येतो. गोंड समाजात ज्ञान देण्याची स्वतःची व्यवस्था पूर्वीपासून होती. किकरीच्या साथीने कुळकथा गाणारे परधान हे त्या व्यवस्थेचे वाहक. या परधानांची घरची भाषा अनेक ठिकाणी मराठी, तर गायनाची भाषा गोंडी. दोन भाषांमधला असा जिवंत पूल गावातच उभा असताना शाळेने त्याचा किती उपयोग करून घेतला, हा प्रश्न या लेखनात पुरेसा पुढे येत नाही. पुढे याच मार्लवाईतील गुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. गावाचा हा दुसरा शिक्षक वर्गात नव्हे, अंगणात शिकवत होता. शाळा आणि अंगण यांच्यातील हे अंतर हीच प्राथमिक शिक्षणाची जुनी दुखणी आहे.

प्रयोग का थांबला?

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. जुन्या आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे भाग मराठी प्रदेशात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. यथावकाश शाळेचे माध्यम तेलुगू झाले आणि गोंडी पुस्तके मागे पडली. १९८२ च्या ग्रंथात याविषयीची खंत स्पष्ट दिसते.

विरोधाभास असा की, १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्यास राज्यांना त्यात सांगितले आहे. म्हणजे कायद्याने जी सोय द्यायची ठरवली, ती जेथे आधीच होती, तेथून ती नाहीशी होत गेली.

परंतु हे सारे खापर केवळ राज्यरचनेवर फोडणे बरोबर होणार नाही. येथे उस्मानिया विद्यापीठाशी तुलना उद्बोधक ठरते. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारले, तेव्हा त्याच्या पाठीशी १९१७ पासून दारुल तर्जुमा ही अनुवाद संस्था उभी होती. विज्ञान, इतिहास, कायदा अशा विषयांची पुस्तके आणि परिभाषा तिने उर्दूत घडवली. गोंडीच्या वाट्याला मात्र आरंभीच्या पाठ्यपुस्तकांपलीकडे फारसे काही आले नाही. मूल अक्षरे शिकले. पण त्या अक्षरांत पुढे वाचायचे काय? गोंडी ही शिडीची पहिली पायरी ठरली, तिच्यावर दुसरी पायरी बसवली गेली नाही.

तरीही एका बाबतीत दोघांचे भाग्य सारखेच ठरले. १९४८ नंतर उस्मानियातील उर्दू माध्यमही संपले. मात्र उर्दू भाषा टिकली, कारण तिला मदरसे, वाचनालये, वर्तमानपत्रे, मुशायरे आणि समाजाने चालवलेल्या शाळा होत्या. गोंडीचे शालेय जीवन सर्वस्वी सरकारी आदेशावर अवलंबून होते. आदेश बदलला तेव्हा तिला सांभाळणारे दुसरे घर नव्हते. या दोन उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष शिक्षणसंस्था चालवणाऱ्या प्रत्येक समाजाने ध्यानात घ्यावा असा आहे : शासन भाषेला माध्यम बनवू शकते, पण तिला टिकवते ती समाजाने उभारलेली वाचनव्यवस्था.

समारोप

गेल्या काही वर्षांत हा विषय नव्याने पुढे आला आहे. आदिलाबादमधील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे गोंडीची स्वतंत्र लिपी प्रकाशात आली आणि २०१८ साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा वा घरच्या भाषेतून शिक्षणाची शिफारस केली. या दोन्ही घटना स्वागतार्ह आहेत. परंतु मार्लवाईचा अनुभव सांगतो की लिपी आणि धोरण या दोहोंच्या पलीकडे तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे मुलाची भाषा जाणणारा शिक्षक.

हा शिक्षक महाविद्यालयांतच घडतो. बेल्लमपल्ली असो, किनवट असो वा राजुरा, सीमाभागातील उर्दू आणि मराठी विभागांतून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या अशा वर्गांसमोर उभे राहणार आहेत, जेथे मुले चार भाषांतून घरी बोलतात. त्यांना वाङ्मयाचा इतिहास शिकवला जातो. शेजारच्या भाषेतील पन्नास शब्द, एखादी गोष्ट, एखादे गाणे शिकवले जात नाही. मार्लवाईत हायमेंडॉर्फ दांपत्याच्या समाध्या आहेत आणि गावकरी त्यांची आठवण आदराने जपतात. समाधीवर फुले वाहणे हे कृतज्ञतेचे लक्षण खरेच. पण त्या शाळेचा अपुरा राहिलेला धडा पुरा करणे हे अध्यापकांचे काम आहे, आणि ते अजून बाकी आहे.