दाराची कडी

आमचा खेळ नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका घरी, जेवणाच्या टेबलावर चालतो. वीस बाजूंचा फासा, पेन्सिली आणि प्रत्येकापुढे आपापल्या पात्राचा कागद. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तेव्हापासून या खेळाचा गाभा तोच आहे. चार-पाच जण पात्रं घेतात आणि एक जण, म्हणजे गेम मास्टर, उरलेलं सगळं जग सांभाळतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे. ज्या कथेत पाप-पुण्याचा निवाडा सोपा नसतो, ती चालवताना कोण कुठे वळेल हे आधी ओळखावं लागतं. आपण ओळखलं आहे, याचा सुगावा मात्र लागू द्यायचा नसतो. नवी कथा रचायला घेतली की मी आधी एक मराठी नाटक काढून बसते. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’.

‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने १९६७ मध्ये ते रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, बेणारेबाईंच्या मुख्य भूमिकेत सुलभाताई देशपांडे. एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावात आलेली. रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. मधे मोकळा वेळ आहे, एक नट आलेला नाही आणि त्याच्या जागी उभा राहणारा गावचा सामंत कोर्टाची पायरीही न चढलेला. त्याला सराव म्हणून एक खोटा खटला उभा राहतो. तेंडुलकरांचं पहिलं कसब इथे आहे. नवख्याला नियम समजावताना प्रेक्षकालाही नियम समजतात आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बेणारेबाईच उभी राहणं अगदी निरागस वाटतं. ती तोंड धुवायला आत गेलेली असताना बाकीच्यांनी ते ठरवून टाकलेलं असतं. आरोप भ्रूणहत्येचा. माझ्या टेबलावरही कथेला खरं वळण मिळतं ते असंच, कुणीतरी सहज ‘गंमत म्हणून’ म्हणतं तेव्हा.

त्याआधीचा एक प्रवेश बहुतेक जण हसत हसत सोडून देतात. मंडळी यायची आहेत, सभागृहात फक्त बेणारे आणि सामंत. बेणारे एकेका सहकाऱ्याची टिंगल करते. समाजकार्याचा घोष करणारे काशीकर, पाळणा न हललेल्या मिसेस काशीकर, बाररूममध्ये माशा मारत बसणारे वकील सुखात्मे, इंटर सायन्सला अडकलेला ‘शास्त्रज्ञ’ पोंक्षे. आणि खऱ्या आयुष्यातला प्रश्न समोर आला की तोंड लपवणारे प्रोफेसर, जे आज येणारच नाहीत. हशा पिकत असतो आणि तेंडुलकर तेवढ्यात प्रत्येक पात्राचा कागद आपल्या हातात देत असतात. त्यावर ताकद किती, चपळाई किती असलं काही नसतं. कोणाचं काय दुखतं, एवढंच असतं. पुढे हे लोक जे जे करतात ते त्या दुखण्यातून निघतं. हरलेल्या वकिलाला एकदा जिंकायचं असतं, संसारात बसलेल्या बाईला मोकळ्या बाईचा हिशेब मागायचा असतो. नाटककाराला कुणाला ढकलावं लागत नाही. मी पूर्वी प्रसंगांची यादी करून टेबलावर बसायचे आणि खेळाडू दुसऱ्याच वाटेने निघून जायचे. आता पात्रांची दुखणी लिहून ठेवते. वाटा त्यांच्या त्या निघतात. बेणारेच्या थट्टेत पुढचे दोन अंक आधीच मांडून झालेले आहेत, हे कळलं त्या दिवशी मी तो प्रवेश लागोपाठ तीनदा वाचला.

खटला सुरू होतो तेव्हा सारे हसतखेळत असतात. साक्षीदार म्हणून बिचकत उभा राहिलेला रोकडे बोलता बोलता सांगून जातो की दामल्यांच्या घरी गेलो तर तिथे बेणारेबाई बसलेल्या होत्या. प्रोफेसर दामले, न आलेले. मग सामंतची पाळी. त्याला काही माहीत नाही, म्हणून तो खिशातल्या स्वस्त कादंबरीतला एक प्रसंग उचलून सांगतो, आणि तो नेमका वर्मी लागतो. माझ्या मते ही कादंबरी म्हणजे तेंडुलकरांचा फासा आहे. आंधळा, कुणावर राग नसलेला, टाकणाऱ्यालाही ठाऊक नसलेला. सर्वांत खोल घाव सर्वांत निष्पाप माणसाच्या हातून व्हावा, ही योजना मला तरी दुसरीकडे भेटलेली नाही.

सुखात्मे फिर्यादीचे वकील आहेत आणि आरोपीचेही. जागा बदलली की ते स्टुलावर खांदे पाडून बसतात. एका माणसाने अनेक पात्रं चालवणं हे गेम मास्टरचं रोजचंच काम, पण इथे आवाजातला फरकच निकाल सांगून टाकतो. फिर्यादीसाठी आख्खा गळा, बचावासाठी दमलेला उसासा. आणि काशीकर तर न्यायाधीशाची खुर्ची सोडून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात. नियमांचं रक्षण करणाऱ्यानेच नियम ओलांडला तरी एकालाही ते खटकत नाही. गर्दीने आपला कल कधी ठरवला, हे दाखवायला एवढी एक हालचाल पुरते.

आता दार. आरंभीच सामंत त्याची कडी नीट सरकवायला सांगतो, नाही तर ती बाहेरून अडकते. आत येतानाच बेणारेचं बोट त्या कडीत चेमटलेलं असतं. विनोदी तपशील म्हणून आपण तो विसरून जातो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी खेळ असह्य होऊन ती निघते, दार ओढते, ते उघडत नाही. आमच्या खेळांच्या जगात एका गोष्टीला ‘ब्लीड’ म्हणतात. पात्राची भावना खेळाडूत उतरते, खेळाडूचं आयुष्य पात्रात झिरपतं. त्यासाठी जॉन स्टाव्रोपोलस यांनी सुचवलेलं एक साधं कार्ड आम्ही टेबलाच्या मधोमध ठेवतो. त्यावर फुली असते. ज्याला नको झालं त्याने त्याला बोट लावायचं, प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. बेणारेने दाराला हात घातला तेव्हा तिने हेच केलं होतं. तेंडुलकरांनी ते कार्ड पहिल्या काही मिनिटांतच टेबलावरून उचललेलं होतं, आणि ते उचलताना आपण हसत होतो.

मग काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. बाकी सगळे थिजतात, प्रकाश बदलतो आणि बेणारेचं ते लांब स्वगत येतं. ते संपल्यावर जणू कुणी काही बोललंच नव्हतं अशा थाटात कोर्ट पुढे सरकतं. ती खरंच बोलली की मनातच, हे नाटक सांगत नाही. भ्रूणहत्येच्या आरोपावर शिक्षा दिली जाते ती तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची. हा विरोधाभास मंचावर कुणाच्याही तोंडून बोलला जात नाही. तो आपल्यावर सोडलेला आहे, आणि ते सोडून देणं मला फार मोलाचं वाटतं. पूर्वी टेबलावर कुणी काही क्रूर ठरवलं की मी एखाद्या म्हाताऱ्या साधूच्या तोंडून चार शब्द ऐकवायचे. तो साधू आता आमच्या कथेत येत नाही.

दार शेवटी बाहेरूनच उघडतं. प्रयोग बघायला आलेले लोक डोकावतात. मंडळी भानावर येतात, बेणारेला तो सगळा खेळच होता म्हणून समजावतात आणि तयारीला निघून जातात. ती टेबलावर डोकं टेकून निश्चल. सामंत घुटमळतो. त्याने पुतण्यासाठी आणलेला हिरव्या कापडाचा पोपट पहिल्या अंकापासून तिथे पडलेला आहे. काय बोलावं हे त्याला सुचत नाही. तो पोपट उचलतो, जरा अंतरावरूनच तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो.