'दम', 'गाठ' आणि 'अर्बुद' : हृदयातील विरळ अर्बुदांच्या निदानाची भाषा

रोगनिदान हा शरीराच्या तपासणीचा व्यापार होण्यापूर्वी भाषेचा व्यवहार असतो, ही गोष्ट वैद्यकीय मराठीच्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतली जाते. परिभाषेची चिकित्सा बहुधा ग्रंथांतील शब्दांपुरती राहते. रुग्णाने उच्चारलेला पहिला शब्द तिच्या कक्षेबाहेर पडतो. हृदयातील अर्बुदांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. तेथे रोग विरळ, लक्षणे मात्र सर्वपरिचित. साहजिकच भलत्या अर्थाला वाव मोठा.

मूळ हृदयातच उद्भवणारी अर्बुदे शवविच्छेदनांत दर दहा हजारांत सुमारे २ आढळतात. त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश सौम्य असतात. प्रौढांत नेहमी आढळणारा प्रकार मिक्सोमा हा होय. तो बहुधा डाव्या अलिंदात, दोन अलिंदांमधील पडद्याला देठाने चिकटलेला असतो. ठोक्यागणिक तो झुलतो आणि झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवितो. त्यातून धाप व भोवळ उद्भवते. तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. कित्येकदा ताप येतो व वजन घटते. १९५४ मध्ये स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने असे अर्बुद यशस्वीपणे काढले, आणि १९५९ मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने त्याच्या निदानाचा मार्ग दिसला. म्हणजे रोग विरळ असला तरी वेळेवर ओळखल्यास बहुधा बरा होणारा आहे.

आता रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांचा विचार करावा. येथे प्रमाण मराठीबरोबर आगरी, ठाकरी व कातकरी बोली नांदतात. ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०५ च्या सातव्या खंडात ठाकरी व कातकरी यांची नोंद आहे. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने 'दम लागतो' म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात 'दमा' हा शब्द सहज उभा राहतो. दोन्ही शब्द फारसीतून आलेले व एकाच कुळातले. पण पहिला श्वासाची अवस्था सांगतो, दुसरा रोगाचे नाव. चढण चढताना लागणारा दम आणि एका कुशीवर वळताच लागणारी धाप यांतील भेद या शब्दात सामावत नाही. मिक्सोमाचा संशय मात्र पुष्कळदा याच भेदावर उभा असतो. 'दम लागतो का?' या प्रश्नाने तो हाती येत नाही. 'कोणत्या कुशीवर निजल्यावर धाप वाढते, उठून बसल्यावर ती थांबते का?' असे विचारावे लागते.

दुसरा शब्द 'गाठ'. काखेतील सूज, स्तनातील अर्बुद आणि रक्तवाहिनीतील गोठलेले रक्त या तिहींना लोकभाषा 'गाठ' म्हणते. 'हृदयात गाठ आहे' हे वाक्य त्यामुळे द्व्यर्थी ठरते. आपल्याकडे संधिवाती तापाने अरुंद झालेल्या झडपेमागे, मोठ्या झालेल्या अलिंदात रक्ताची गुठळी होणे अपरिचित नाही. गुठळीला मुख्यतः रक्त पातळ ठेवणारी औषधे, मिक्सोमाला शस्त्रक्रिया. एका शब्दाखाली दोन मार्ग दडतात. 'गुठळी' हा नेमका शब्द मराठीत असताना तो न वापरणे ही गरिबी भाषेची नसून वापरणाऱ्याची आहे.

'अर्बुद' या पारिभाषिक शब्दाचीही परीक्षा हवी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचा वेगळा विचार आहे. तेथील अर्बुद वाटोळे, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे आहे. मिक्सोमा यांतील दोन लक्षणे मोडतो: तो देठावर लोंबतो व हलतो. परंपरेतून घेतलेला शब्द अर्थविस्ताराने चालतो, यात वावगे काही नाही. परंतु विद्यार्थ्याला त्या विस्ताराची जाणीव हवी. रुग्णाच्या कानी हा शब्द पडला, तर त्याला एकतर काहीच उमगत नाही किंवा 'कर्करोग' एवढेच उमगते. सौम्य अर्बुदाच्या बाबतीत ही समजूत त्याला विनाकारण हताश करते.

यंत्र सर्व सांगत असता शब्दांची एवढी चिकित्सा कशासाठी, असा आक्षेप येईल. 'इको' या नावाने परिचित झालेली तपासणी देठ आणि हालचाल दाखविते, हे खरे. परंतु ती करण्यास रुग्णाला कोणीतरी धाडावे लागते. कर्जत व खोपोलीहून लोकलगाडीने मुंबई गाठता येते, परळचे के. ई. एम. रुग्णालयही त्याच मार्गावर आहे; दम्याची औषधे घेऊन घरी परतलेल्या रुग्णाला त्या गाडीचा उपयोग नाही.

तेव्हा वैद्यकीय मराठीची कसोटी शब्दकोशातील प्रतिशब्दांच्या संख्येवर लावता येत नाही. धाप आणि दमा, गुठळी आणि गाठ, सौम्य अर्बुद आणि कर्करोग हे भेद तालुक्याच्या दवाखान्यातील संभाषणात टिकतात की नाही, यावर ती लावावी लागेल. परिभाषाकारांनी पारिभाषिक शब्दाशेजारी बोलीतील शब्द आणि रुग्णाला विचारावयाचा प्रश्न नोंदविला, तर कोशाचे ते एक पान निदानाच्या कामी येईल.