बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज आणि संमिश्र वस्तीचा प्रश्न

चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात रचलेल्या, पुढे ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या वसाहतीविषयीच्या लेखनात दोन सूर प्रामुख्याने आढळतात. एक सूर स्तुतीचा. दुसरा, मूळची कौलारू घरे पाडून त्यांच्या जागी काँक्रीटचे बंगले उभे राहिले, याबद्दलच्या हळहळीचा. दोन्ही सूर घरांभोवती फिरतात. कोरियांच्या रचनेचे मर्म मात्र घरांत नसून घरांमधील मोकळ्या जागेत होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या वसाहतीचे यश आणि तिचे अपयश या दोहोंचीही जागा बदलते.

सुमारे सहा हेक्टर जमिनीवर साडेपाचशे कुटुंबांची सोय करावयाची होती. हेक्टरी पाचशे माणसांची ही घनता उंच इमारतींवाचून साधणार नाही, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. कोरियांनी ती बैठ्या व एकमजली घरांतून साधून दाखविली. सात घरे सुमारे आठ मीटर लांबीरुंदीच्या अंगणाभोवती. अशा तीन गटांची मिळून एकवीस घरे बारा मीटरांच्या चौकाभोवती. आणि याच क्रमाने वसाहतीतून वाहणाऱ्या ओढ्याकाठच्या सार्वजनिक जागेपर्यंत. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. रहिवाशांच्या उत्पन्नातील अंतर याहून पुष्कळ मोठे असूनही जमिनीच्या वाटणीत ते फारसे उमटू दिलेले नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. घर वाढवावयाचे तर शेजाऱ्याची संमती नको, महामंडळाच्या अभियंत्याची वाट पाहणेही नको. गावचा गवंडी पुरे.

असे असता घरे बदलली म्हणून रचना फसली, असे म्हणणे तर्काला धरून नाही. घर बदलता यावे हाच तर तिचा हेतू होता. मूळ छपरे गेली तरी अंगणांची मांडणी पुष्कळ अंशी टिकून आहे. टिकाऊपणाची कसोटी बांधकामाच्या आयुष्यावर लावण्याची सवय अभ्यासकांनी सोडली पाहिजे. येथे जे टिकले ते बांधलेलेच नव्हते. एक उणीव मात्र नोंदविणे प्राप्त आहे. घर कोणत्या दिशेने वाढावे याचा विचार जितका बारकाईने झाला, तितका ते किती उंच वाढल्यास अंगणातील उजेड व वारा अडेल याचा झाला नाही. अंगणे उरली, पण त्यांवरचे आकाश आक्रसले. ‘आकाशाखालील मोकळी जागा’ हे ज्याच्या विचाराचे मुख्य सूत्र, त्याच्याच कृतीत ही त्रुटी राहावी हे खटकते.

याहून गंभीर प्रश्न कामाच्या जागेचा आहे. १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडील नगराची कल्पना मांडली, तेव्हा तिचा पाया निवास आणि रोजगार एकत्र नेणे हा होता. मुंबईची दक्षिणोत्तर वाहतूक त्याखेरीज हलकी होणार नव्हती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. परंतु राज्याचा मुख्य कारभार खाडी ओलांडून आला नाही, आणि त्याच दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे चढत राहिले. रेल्वेने खाडी ओलांडली १९९२ मध्ये आणि ती बेलापूरला पोहोचली १९९३ मध्ये. म्हणजे आर्टिस्ट व्हिलेज पुरे झाल्यावर सात वर्षांनी. पुढे बेलापुरात कोकण भवन, सिडको भवन, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय अशा कचेऱ्या झाल्या खऱ्या, पण त्या आपल्या सेक्टरांत आणि घरे आपल्या सेक्टरांत. नकाशावर शेजारी काढलेले दोन रंग म्हणजे संमिश्र वस्ती नव्हे. वस्तुतः वाढीला मोकळीक देणारे कोरियांचे घर दुकानाला, शिलाईयंत्राला, लहानशा कारखान्याला सहज जागा देऊ शकले असते. परंतु डोंगराच्या पायथ्याशी, हमरस्त्यापासून बाजूला पडलेल्या निवासी तुकड्याला गिऱ्हाईक कोठून मिळावे?

‘व्हिलेज’ या नावातला विरोधाभासही येथेच उघडा पडतो. नवी मुंबईच्या क्षेत्रात ९५ गावे होती. बेलापूर गाव, दिवाळे कोळीवाडा ही ठिकाणे या वसाहतीपासून फार दूर नाहीत. घराच्या पडवीत जाळी विणणे, ओट्यावर मासळी विकणे, माळ्यावर माणसे राहणे, असा संमिश्र वापर कोळीवाड्यांच्या अंगवळणी पडलेला. नगररचनाकारांनी गावाच्या रूपाचा आदर्श घेतला. प्रत्यक्ष गावठाणे मात्र आराखड्यात ‘वगळलेली जमीन’ म्हणून पांढरीच राहिली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचे धोरण त्यानंतर आकारास आले. आर्टिस्ट व्हिलेजचे बांधकाम तेव्हा चालू होते. एका बाजूस गावासारखी वसाहत रचली जात होती, दुसऱ्या बाजूस गाव आपल्याच जमिनीच्या किमतीसाठी रस्त्यावर उतरले होते. आणि या वसाहतीवरील समीक्षेत या दोन घटना एकाच पानावर क्वचितच येतात.