मान दिलेला आणि मान असलेला

आजचा विषय ऐकायला जरा भारदस्त वाटतो. साहित्यातली प्रतिष्ठा. पण आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. लेखकाने एखाद्या माणसाचा अपमान कागदावर मांडला, तर त्या माणसाचा पुन्हा एकदा अपमान होतो का?

मान, अब्रू, इभ्रत, प्रतिष्ठा हे शब्द आपण सरसकट वापरतो. त्यातले बहुतेक चारचौघांवर अवलंबून आहेत. लोकांनी दिला तर मान, पाठ फिरवली की गेला. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा इथेच बोट ठेवते. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली आला. निवेदक रेल्वेत नोकरीला लागतो, परगावी जात लपवून राहतो. तो शिकलेला आहे, कविता करतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. जात कळते आणि त्याला मार बसतो. आता बघा, मधल्या काळात या माणसात काय बदललं? काहीच नाही. गेला तो लोकांनी दिलेला मान. ज्या आवाजात तो हे सगळं सांगतो, तो आवाज शाबूत आहे. प्रतिष्ठा आपल्याला सापडते ती तिथे.

दुसरं उदाहरण दया पवारांचं 'बलुतं', १९७८ सालचं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच आहेत. शिकून मोठा झालेला लेखक जुन्या दगडूला हाकलून देत नाही, समोर बसवून त्याला बोलू देतो. त्या काळी त्यांच्यातल्याच काहींनी विचारलं, की आपली लाज अशी चव्हाट्यावर का मांडायची? हा आक्षेप आपण झटकून टाकू नये. नुकती कुठे मिळवलेली अब्रू जपावीशी वाटणं स्वाभाविकच आहे. पण 'बलुतं' स्वतःच्या संसारातला कमकुवतपणाही झाकत नाही. दयेपोटी लिहिणारा लेखक गरिबाला नेहमी सोशिक आणि निष्पाप करून ठेवतो. चुकण्याचाही हक्क असलेला पुरा माणूस दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि तिसरं, ऊर्मिला पवारांचं 'आयदान', २००३. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. आई त्या विणून घर चालवायची. आईची वीण आणि आपलं लेखन यांचं नातं लेखिकेने स्वतःच जोडलंय. आपण त्या आईचं दुःख वाचतोच, पण तिच्या बोटांतलं कसबही आपल्याला दिसतं. नुसतं दुःख दाखवलं की वाचक वरून खाली बघतो. कसब दिसलं की नजर बरोबरीची होते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की अपमान लिहिल्याने माणूस लहान होत नाही. त्याला नुसता सोसणारा करून ठेवला, बोलणारा, चुकणारा, काम जाणणारा म्हणून उभाच केला नाही, तर होतो.

शेवटी आपल्याबद्दल. अशी पुस्तकं वाचून आपण हळहळतो, डोळे पुसतो आणि आपलं काम झालं असं समजतो. हळहळ वाईट नाही. पण त्या पानावरचा माणूस उद्या आपल्याकडे भाड्याने खोली मागायला आला, तर आपण त्याला आधी काय विचारू? नाव विचारू आणि मग आडनावाची वाट बघत थांबू? बागुलांची कथा साठ वर्षं आपल्याला हेच विचारते आहे.