आरशापुढची बाई

तमासगीर बाईचा फोटो पाहताना आपण नेमके काय पाहतो, हा प्रश्न मला दोन निमित्तांनी पडला. एक म्हणजे संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे २००६ सालचे छायाचित्रांचे पुस्तक. दुसरे, पुण्यात पाहिलेला ‘संगीत बारी’चा प्रयोग. तिसरेही एक निमित्त आहे, पण ते घरचे आहे. त्याकडे शेवटी येतो.

भंडारे फडांबरोबर हिंडले. त्यांचा कॅमेरा बोर्डावरच्या नाचापाशी थांबत नाही, कनातीमागे जातो. रंगरंगोटी, चाळ बांधणे, मुक्काम, प्रवास हे सगळे तो पाहतो. ‘रांगडी गंमत’ हे नाव मला खटकते. गंमत पाहणाऱ्याची असते. जिच्या पायाला पाच शेर चाळ आहे तिची ती मजुरी असते. पण छायाचित्रांत शहरी रसिकाचा लाळघोटेपणा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. माझी अडचण वेगळी आहे. चेहऱ्याला रंग लावणारी बाई मला दिसते, पण ऐकू येत नाही. ती कोणत्या वस्तीतली, फडमालकाकडून तिने किती उचल घेतली, तिची पोरे कोणाजवळ आहेत, हे छायाचित्र सांगू शकत नाही. आणि जे सांगता येत नाही तेच तर आपले प्रश्न आहेत. आमच्या कडेगावात मोहरमला उंचच उंच ताबूत पाहायला बाहेरची माणसे कॅमेरे घेऊन येतात. त्यांच्या फोटोत ताबुताचा कळस येतो. खांदा देणारा फ्रेमबाहेर राहतो.

यंदा वर्गात मी पोरांना एक स्पॅनिश सिनेमा दाखवला. कार्लोस साउराचा ‘बोदास दे सांग्रे’, १९८१ सालचा. आंतोनियो गादेस या नर्तकाने लोर्काच्या नाटकावर बसवलेली ही फ्लामेंको नृत्यनाटिका. साउरा मुळात छायाचित्रकार, आणि ते सिनेमात दिसते. लग्नाच्या प्रसंगी सगळी वऱ्हाडी मंडळी ग्रुप फोटोसाठी उभी राहावीत तशी थिजतात. नाच थांबतो आणि नाचाचे छायाचित्र होते. शेवटी दोन पुरुष चाकू घेऊन भिडतात, तेव्हा संगीतही नाही. अगदी सावकाश, एकेक ठसा पडावा तशी ती मारामारी चालते. पोरे गप्प झाली होती. एरवी होत नाहीत.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती सुरुवात. नर्तक येतात, आरशापुढे बसतात, रंग लावतात. म्हणजे भंडारे यांच्या कनातीमागचेच दृश्य. फरक एवढाच की इथे आरशापुढचा माणूस बोलतो. गादेस रंग लावता लावता आपण या धंद्यात कसे आलो ते सांगतो. गरीब कामगाराचे पोर, लहानपणीच शाळा सुटलेले, फोटो स्टुडिओत पोऱ्या म्हणून राबलेले. त्याच्या तोंडचा रंग आणि त्याचे आयुष्य एकाच वेळी पडद्यावर येते.

दिवे लागल्यावर मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, “सर, ह्यांची जात कंची?”

काही जण हसले. मी हसलो नाही, कारण प्रश्न बिनचूक होता. फ्लामेंको ज्यांच्या घरांत घडले त्यांत स्पेनचे हितानो, म्हणजे तिथले जिप्सी, अग्रभागी आहेत. १७४९च्या जुलैमध्ये राजाज्ञेने एकाच झडतीत हजारो हितानोंना पकडून बंदिवासात आणि सक्तमजुरीत टाकले गेले. पुढे त्याच नाचाला फ्रँकोच्या राजवटीने पर्यटकांपुढे ‘स्पेन’ म्हणून मिरवले. २०१०मध्ये युनेस्कोच्या वारसा-यादीत तो गेला. गादेस स्वतः हितानो नव्हता. तो फ्रँकोविरोधी होता, डावा होता. तरीही पोराचा प्रश्न उरतोच. कला राष्ट्राची होते तेव्हा माणसे कोणाची राहतात?

हे आपल्याला परके नाही. पठ्ठे बापूराव आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. त्यांना शाहीर म्हणून मान मिळाला. त्यांच्या लावणीला जिने अंग दिले ती पवळा महार समाजातली; तिच्या वाट्याला काय आले? बापूरावांनी तमाशाच्या पैशातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, ही आठवण चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आमच्या बायांना नाचवून मिळालेला पैसा नको, हा त्या नकाराचा अर्थ. तो नकार मी शिरसावंद्य मानतो. पण पैसा नाकारला होता, बाई नव्हे. आपण मात्र पुढे बाईलाही घराबाहेर ठेवले. शैलजा पाईक यांनी २०२२च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास ‘अश्लील’, ‘अस्सल’ आणि ‘माणुसकी’ या शब्दांच्या ओढाताणीतून मांडला आहे. ती ओढाताण आपल्या घराघरांत आहे.

‘संगीत बारी’कडे मी या मनाने गेलो. सावित्री मेधातुल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट, भूषण कोरगावकर यांचे २०१४ सालचे पुस्तक आणि मग हा रंगमंचीय प्रयोग. म्हणजे इथेही कॅमेरा आधी आणि रंगमंच नंतर. दोघे निवेदन करतात, मध्ये लावण्या होतात. निवेदन सफाईदार आहे, कधी जरा जास्तच. कलावंतिणींच्या घरांत शिरलेल्या मध्यमवर्गीयाचे नवल त्यात वारंवार डोकावते. जातीचा उल्लेख येतो, पण जात राबते कशी ते पुरेसे येत नाही. ‘चिरा’ उतरवण्याच्या रिवाजाने एखाद्या पोरीचे काय होते, हे किशोर शांताबाई काळे यांनी १९९४मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये लिहून ठेवले. ते वाचलेल्या माणसाला इथल्या टाळ्यांचा आवाज मोठा वाटतो.

आणि तरी, शकुंतलाबाई नगरकर बैठकीच्या लावणीला बसल्या तेव्हा माझे हे सगळे हिशेब जरा विस्कटले. नाच जवळजवळ नाहीच. मान, बोटे, भुवई. एकच ओळ त्या पुन्हा घेतात आणि दर वेळी तिचा अर्थ फिरवतात. पुढच्या रांगेतल्या गृहस्थाकडे पाहतात, तो लाजतो, मग त्याला लाजल्याबद्दलही सोडत नाहीत. कोण कोणाला पाहत आहे, हे उलटून जाते. फोटोतली बाई हे करू शकत नाही. तिच्याकडे पाहणारा सुरक्षित असतो. या प्रयोगाचे श्रेय मी निवेदकांनाही देतो, कारण त्या क्षणी ते गप्प बसतात.

आता घरचे. आईच्या ट्रंकेत तिच्या मावशीचा फोटो आहे. स्टुडिओतला, मागे रंगवलेला बंगला. मावशीआजी फडात होती, एवढेच मला माहीत, तेही बाहेरच्यांकडून. मी नोकरीला लागल्यावर एकदा फोटो काढून विचारले, तर आई म्हणाली, “ते कशाला भाईर काढलंस? ठिव आत.” पुण्याहून परत आल्यावर मी तिला शकुंतलाबाईंविषयी सांगितले. भुवईचे सांगितले. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, “फोटोत हाय ती इरकल तिची न्हवं. मागून आणलीती. तिला ढोलकीबी वाजवाया यायची, म्हाईत हाय का तुला?”

मला माहीत नव्हते.